बाटलीवरची द्राक्षं आणि अंगातलं रक्त

आजचं बोलणं एका बाटलीवरून सुरू करते.

अडीच महिन्यांपूर्वी आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते आले, वही लिहून झाली आणि अंतर्गत कर्जाची मागणी सुरू झाली. एका मावशींनी पंधराशे रुपये मागितले. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सुनेला टॉनिक आणायचंय, ताई. पाचवा महिना लागलाय, अंगात रक्त नाही म्हणतात. तालुक्याला एकानं सांगितलं, द्राक्षाची टॉनिक वाईन द्या, महिन्यात गाल लाल होतील. दारू नाही ती, औषध आहे." एक बाटली संपली होती. तीच रिकामी बाटली नमुना म्हणून त्यांनी पिशवीतून काढली.

बाटली हातात घेतली. पुढे काळ्या द्राक्षांचा टपोरा घोस आणि मोठ्या अक्षरात ताकदीचं आश्वासन. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत अल्कोहोलचं प्रमाण. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. सून दहावी शिकलेली, पण बाटली सासूच्या कपाटात. मापानं ओतून तिच्या हातात मिळायची ती थेट वाटी.

मावशींवर मी रागावले नाही, कारण अशी बाटली मी लहानपणी आमच्याच घरात पाहिली आहे.

माझे आजोबा पाटणकडचे. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आजी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बारा-पंधरा गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. पहाटे चारला तिचा स्टो पेटायचा आणि रातपाळीची माणसं जेवून गेल्यावर विझायचा. तिच्या फळीवर मीठ-मसाल्याच्या डब्यांमागे टॉनिकची बाटली असायची. मामी बाळंत झाली तेव्हा तिला त्यातले दोन चमचे गरम पाण्यातून द्यायचे. थंडी वाजली, कंबर दुखली, भूक मेली, की तीच बाटली निघायची. आमच्या शेजारच्या काकू तर रोज रात्री घ्यायच्या. नवऱ्याच्या दारूपायी त्यांनी आयुष्यभर सोसलं. दारूचा वास आला तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. पण टॉनिक म्हणजे औषध, त्यामुळे दोन चमच्यांचे चार झाले, चाराची अर्धी वाटी झाली. बाटली आठवड्यात संपू लागली आणि ज्या दिवशी ती नसे त्या दिवशी काकूंचे हात कापायला लागले. त्यांना दारू लागली आहे हे चाळीत कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही. ज्या बाईनं जन्मभर दारूला शिव्या दिल्या, तिला ती औषधाच्या नावानं गाठून गेली.

म्हणून मी या बाटलीचा इतिहास शोधायला बसले. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

दारूत औषधी मुळ्या भिजवण्याची चाल जगात फार जुनी आहे. पण कारखान्यात तयार होऊन जाहिरातीवर खपणारी टॉनिक वाईन ही मुख्यतः दीडशे वर्षांतली गोष्ट. पॅरिसमध्ये 1863 च्या सुमारास अँजेलो मारियानी नावाच्या औषधविक्यानं द्राक्षाच्या दारूत कोकाची पानं भिजवली. ज्या पानांतून कोकेन निघतं तीच ही पानं. ती वाईन घेतली की हुशारी यायची यात नवल काय! पोप लिओ तेरावे यांनीसुद्धा तिची वाखाणणी केली होती. इंग्लंडमध्ये नॉर्विच गावी 1887 साली वाईनमध्ये मांसाचा अर्क आणि माल्ट घालून एक टॉनिक निघालं. त्याचं पुढे 'विनकार्निस' असं नाव झालं. अशक्तपणा, झोप न येणं, आजारानंतरचा थकवा, सगळ्यांवर ते चालतं असं सांगत. अमेरिकेत लिडिया पिंकहॅम या बाईंनी 1875 पासून खास बायकांच्या दुखण्यांसाठी वनस्पतींचं औषध विकायला काढलं. पाळीचा त्रास, कंबरदुखी, अंगावरून जाणं, असं जे बायका डॉक्टरला सांगायला लाजत, त्यावर ते औषध होतं. लिडियाबाई स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या, पण त्यांच्या बाटलीत जवळजवळ पाचवा हिस्सा अल्कोहोल होता. औषध टिकावं म्हणून तो घातला आहे, असं सांगितलं जाई.

अमेरिकेत 1906 साली कायदा झाला की औषधात अल्कोहोल असेल तर लेबलवर लिहिलंच पाहिजे. तेव्हा कुठे बायकांना कळलं की आपण काय पितो आहोत. इंग्लंडच्या संसदेनं अशा औषधांची चौकशी करायला समिती नेमली होती. तिचा अहवाल 1914 साली आला. कित्येकांना या औषधी वाईनमधूनच दारूची सवय लागते आणि त्यातल्या काहींना आपण दारू घेतोय हेच ठाऊक नसतं, असा त्याचा सूर होता. वाचताना मला आमच्या काकू आठवल्या. नॉर्विच आणि लालबागमध्ये केवढं अंतर, पण गोष्ट एकच.

आता मुंबईकडे येऊ. 1896 साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि बघता बघता मुंबईभर पसरला. माणसं पटापट मरत होती, जी वाचत ती काडीसारखी होत. घरोघरी 'अशक्तपणा' हा शब्द ठाण मांडून बसला आणि ताकद देणाऱ्या बाटल्यांना गिऱ्हाईक मिळालं. किल्ल्यातल्या विलायती दुकानांत गोऱ्या लोकांची टॉनिकं मिळत. गिरगाव-काळबादेवीकडे देशी औषधांचा बाजार वाढला. लहान मुलांसाठीचं डोंगरे बालामृत हे गिरगावातलंच. गुटगुटीत बाळाच्या चित्रामुळे ते मराठी घरांत ओळखीचं झालं. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 मध्येच धूतपापेश्वर कारखाना काढला होता. 1899 साली सांडू बंधू या धंद्यात आले. 1910 साली जामनगरच्या झंडू भट्टजींच्या नावानं मुंबईत झंडूचा कारखाना निघाला. पूर्वी वैद्य घरी खलात कुटून जे देत, ते आता बाटलीत भरून, लेबल लावून, पोस्टानं खेडोपाडी जाऊ लागलं.

या देशी औषधांत आसवं आणि अरिष्टं असतात. द्राक्षासव, अशोकारिष्ट, बाळंतिणीला देतात ते दशमूलारिष्ट ही नावं तुम्हाला माहीत आहेत. ती कशी होतात बघा. औषधाचा काढा किंवा भिजवण घ्यायची, त्यात गूळ किंवा साखर घालायची, धायटीची फुलं टाकायची आणि भांडं तोंड बंद करून महिनाभर ठेवायचं. आतले किण्व, म्हणजे यीस्ट, साखर खातात आणि त्याचा अल्कोहोल करतात. त्या अल्कोहोलमध्ये औषधाचा अंश उतरतो आणि टिकतोही. म्हणजे अल्कोहोल यातही असतोच, साधारण पाच ते दहा टक्के. तो वरून ओतलेला नसतो, आत तयार झालेला असतो, म्हणून लेबलवर 'स्वयंजनित' असा शब्द असतो. आपल्या वैद्यांना हे पुरेपूर माहीत होतं. म्हणूनच त्यांनी माप ठरवलं: तीन-चार चमचे, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर, ठरावीक दिवस. माप पाळलं तर औषध. वाटीनं घेतलं तर पोटात जाते ती दारूच, मग नाव संस्कृत असो की इंग्रजी.

परळ-लालबागच्या गिरण्यांत तेव्हा हजारो बायका कामाला होत्या. कोकण आणि घाटावरून आलेल्या. दिवसभर कापसाच्या धुळीत उभं राहायचं, घरी येऊन चूल पेटवायची. बाळंतपणाची रजा नव्हती. तान्हं मूल घरी शांत झोपावं म्हणून त्याला अफूची 'बाळगोळी' चाटवायची आणि कामावर जायचं, ही गिरणगावात सर्रास चाल होती. आज आपण त्या आयांना नावं ठेवू, पण पाळणाघर नाही, रजा नाही, सासू गावाला, मग ती बाई करणार काय? पुरुष गुत्त्यावर दारू पीत, बाई स्वतःचा थकवा बाटलीतल्या टॉनिकनं मारी आणि मूल अफूनं झोपे. एकाच खोलीतल्या तिघांना तीन बाटल्या-गोळ्या आणि तिघांनाही खरं हवं होतं ते अन्न आणि विश्रांती. 1926 साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय सुरू झालं. 1929 साली मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा आला आणि कारखान्यातल्या बाईला बाळंतपणासाठी थोडी रजा आणि थोडे पैसे मिळू लागले. बाळंतिणीची खरी ताकद या दोन गोष्टींनी वाढवली. त्यांची बाटली कुठल्याच दुकानात मिळत नव्हती.

मग दारूबंदीचा काळ आला. तिचा पहिला प्रयोग मुंबई शहरात 1 ऑगस्ट 1939 ला झाला. तेव्हाचे आरोग्य आणि अबकारी मंत्री डॉ. गिल्डर होते. तो प्रयोग टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 च्या एप्रिलपासून पूर्ण बंदी लागू झाली. कितीतरी बायकांनी तेव्हा देवाला साखर ठेवली असेल. पण कायद्याच्या भिंतीला एक दार राहिलं, ते औषधाचं. आपल्या राज्यघटनेचं 47 वं कलम सरकारला सांगतं की मादक पेयं बंद करण्याचा प्रयत्न करा, पण त्यातच 'औषधी उपयोग सोडून' असंही म्हटलं आहे.

फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे मुंबईकर न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की व्हिस्की, ब्रँडी, वाईन यांच्याबरोबरच औषधी वाईन, कोलनवॉटर अशा गोष्टी बाळगण्याचा आणि वापरण्याचा मला हक्क आहे. 25 मे 1951 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. दारूबंदी कायदा मुळात वैध ठरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी मात्र रद्द झाली. न्यायालयाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. खोकल्याच्या औषधासाठी कुणाला तुरुंगात घालायचं का? पण बाटली फिरवणाऱ्यांना त्यातून वाट दिसली.

निकालानंतर चारच दिवसांनी, 29 मे 1951 च्या रात्री, कुलाब्याजवळ एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपनं पादचाऱ्यांना धडक दिली. अधिकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांनी सांगितलं की मी दारू घेतलेली नाही, 'बी.जी.फॉस' नावाचं टॉनिक घेतलं आहे. त्या टॉनिकमध्ये सतरा टक्के अल्कोहोल होता. खालच्या न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, शेवटी 1954 साली सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. बंदी घातलेली दारूच प्यायली, औषध नव्हे, हे सरकारनं सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कायदा म्हणून ते खटले आजही शिकवतात. मला त्यातून एवढंच दिसतं की टॉनिक आणि दारू यांचा वास सारखा असतो. पोलिसांना फरक सांगता आला नाही. मग पोटातल्या बाळाला तो कसा कळणार?

पुढे सरकारनं कायदा दुरुस्त केला. नशेसाठी वापरता येतील अशी औषधं कोणती, हे ठरवायला तज्ज्ञांचं मंडळ नेमण्याची तरतूद केली. अल्कोहोल असलेल्या औषधांवर करासाठी 1955 साली वेगळा कायदा झाला. साठीच्या दशकापासून दारूबंदी सैल होत गेली. पण एक गंमत अजून उरली आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कायद्यानं परवाना लागतो आणि तो आरोग्य टिकवण्यासाठी म्हणून दिला जातो. ज्या कागदावर नवरा पितो, त्या कागदावर ते त्याच्या तब्येतीसाठी आहे! तब्येतीच्या नावाखाली दारू किती लांबवर चालत आली, ते बघा.

आता या इतिहासातला मला सगळ्यात आवडलेला भाग सांगते. तोही परळचाच आहे.

परळला जुन्या गव्हर्नर बंगल्यात हाफकिन संस्था आहे. प्लेगची लस करणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये तिथे आली. तिथे 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई आल्या. मुंबईत गरोदर बायका, त्यातही गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका, रक्त कमी होऊन मरत होत्या. हा रक्तक्षय साधा नव्हता, तांबड्या पेशी संख्येनं कमी पण आकारानं मोठ्या व्हायच्या. लूसीबाईंनी आधी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग त्यांनी बायकांच्या ताटाकडे पाहिलं. ज्या घरांत डाळ, भाजी, फळ, दूध सगळ्यात कमी, त्या घरच्या बायका सगळ्यात आजारी. त्यांनी उंदरांना आणि माकडांना तसाच निकस आहार देऊन पाहिला. शेवटी एक स्वस्तातली गोष्ट लागू पडली, यीस्टचा अर्क. बिअरच्या कारखान्यात तळाशी जो यीस्टचा साका उरतो, त्यापासून तो करत. इंग्लंडमध्ये तो 'मार्माईट' नावानं पावाला लावून खात. तो दिल्यावर बायका सुधारू लागल्या. 1931 साली त्यांनी हे जगासमोर मांडलं. त्यात जो गुण होता त्याला आधी 'विल्स घटक' म्हणत. 1941 साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि पानावरून त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड.

मैत्रिणींनो, आशाताई तुमच्या हातात जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक अ‍ॅसिड आहे. आपल्याच गिरणगावातल्या बायकांच्या दुखण्यातून त्याचा शोध लागला आहे. आणि त्यातला योगायोग बघा. दारू करताना माणसं वरचं पाणी बाटलीत भरून 'ताकद' म्हणून विकत होती. रक्त वाढवणारा गुण होता तळाच्या गाळात, जो कुणी विचारीत नव्हतं. एवढंच नाही, तर अल्कोहोल नेमानं पोटात गेला तर खाल्लेलं फॉलिक अ‍ॅसिडही अंगी नीट लागत नाही. म्हणजे रक्त वाढावं म्हणून टॉनिक वाईन घेणारी बाई एका हातानं भरते आणि दुसऱ्या हातानं सांडते.

मग टॉनिक घेतल्यावर बरं का वाटतं? आजी खोटं बोलत होती का? नाही. अल्कोहोलनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं आणि गाल लाल दिसतात. रक्त वाढलेलं नसतं, आहे तेच वर आलेलं असतं. दुखणं थोडा वेळ बोथट होतं. झोप लवकर लागते, पण मध्यरात्री मोडते. शिवाय बाळंतिणीला टॉनिक देतात तेव्हा तिला आठ दिवस पाणी भरू देत नाहीत, तूप-भात घालतात, शेकशेगडी करतात. गुण त्या विश्रांतीचा असतो आणि नाव बाटलीचं होतं.

पोटुशीच्या बाबतीत तर यात वाद नाही. आईनं घेतलेला अल्कोहोल वारेतून बाळापर्यंत जातो. बाळाच्या वाढीवर आणि मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो, हे 1973 पासून डॉक्टरांनी नाव देऊन नोंदवलं आहे. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही तो उतरतो. दूध वाढतं हा समज उलटा आहे, त्यानं दूध सुटायला अडथळा येतो. बाळांच्या पोटदुखीवरच्या ग्राईप वॉटरमध्येसुद्धा एके काळी अल्कोहोल असायचा. इंग्लंडमध्ये तो 1992 साली काढायला लावला.

"पण ताई, रेड वाईन हृदयाला चांगली असते म्हणतात ना?" हा प्रश्न हमखास येतो. 1991 च्या सुमाराला ती हवा अमेरिकेतून पसरली. फ्रेंच लोक लोणी-चीज खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, मग हे वाईनमुळे असेल असा तर्क होता. पुढच्या अभ्यासांनी तो तर्क सैल केला. थोडी वाईन पिणारी माणसं बहुधा खाऊनपिऊन सुखी असतात, त्यांची तब्येत त्यामुळेही चांगली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. दारूमुळे कर्करोग होतो हे तर 1988 पासून नोंदलेलं आहे, त्यात बायकांच्या स्तनाचा कर्करोगही येतो. आपल्या राज्यात जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं. विरोध झाला आणि तो निर्णय तेव्हा अमलात आला नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा असं मलाही वाटतं. आपल्याच गटांतल्या किती जणी बागेत मजुरीला जातात. पण भावाची गोष्ट भावाची म्हणून बोला. तिला औषधाचं नाव देऊ नका.

थोडा हिशोब करू, वही तर आपल्या हातातच असते. दारूचा लहान पेग तीस मिलीचा, त्यात साधारण तेरा मिली अल्कोहोल असतो. सतरा टक्क्यांचं टॉनिक अर्धी वाटी, म्हणजे साठ मिली, दिवसातून दोनदा घेतलं तर वीस मिली अल्कोहोल पोटात जातो. म्हणजे दीड पेग. नवऱ्यानं रोज दीड पेग घेतला तर आपण 'आडवी बाटली'च्या मतदानाला रांग लावतो. सुनेच्या वाटीत तेवढाच आहे, हे बघायला नको का?

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. कुठलंही टॉनिक घेण्याआधी बाटली उलटी फिरवा आणि शिकलेल्या मुलीकडून मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. 'अल्कोहोल' किंवा 'स्वयंजनित' असा शब्द आणि टक्का दिसला तर पोटुशी, अंगावर पाजणारी, कावीळ किंवा यकृताचा आजार असलेली बाई आणि लहान मूल यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. आसव-अरिष्ट वैद्यांनी सांगितलं असेल तर त्यांच्या मापानं आणि तेवढेच दिवस घ्या. लाल गोळी गरोदरपणी एकशे ऐंशी दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तिनं शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. रात्री जेवणानंतर घ्या, बरोबर लिंबू-आवळा खा, चहा मात्र तासभर लांब ठेवा. आणि ताटात मेथी, पालक, मटकी, हरभरा, शेंगदाणे असू द्या. भाजी फार शिजवून पाणी फेकू नका, फॉलिक अ‍ॅसिड त्या पाण्याबरोबर जातं.

त्या दिवशी बैठकीत पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मावशींना कुणी टाकून बोललं नाही. आशाताईंना तिथेच बोलावून घेतलं. सुनेचं रक्त आठ पूर्णांक दोन होतं. गोळ्या मिळाल्या होत्या, पण मळमळतं म्हणून डब्यात तशाच पडल्या होत्या आणि त्यांची जागा बाटलीनं घेतली होती. सगळं ऐकून मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी तिचं वाईट करत होते का गं?" मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तिच्यासाठी कर्ज काढायला निघाला होता. वाईट करणारी बाई कर्ज काढत नाही." गटानं त्यांना कर्ज दिलं, पंधराशे नाही, आठशे. त्यातून तालुक्याच्या दवाखान्यात दोन फेऱ्या झाल्या आणि उरलेल्या पैशांचे हरभरे, शेंगदाणे, गूळ आले. मावशींच्या देखरेखीखाली गोळी रोज रात्री पोटात जाऊ लागली. परवा तपासलं तेव्हा रक्त नऊ पूर्णांक सहा होतं. अजून अकराला पोचायचंय. आठवा महिना लागेल आता.

लालबागच्या माझ्या आजीसारख्या खानावळवाल्या बायकांना 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं, सावकाराच्या तोंडातून काढून बँकेच्या दारात उभं केलं. दुसऱ्यांना जेवू घालणाऱ्या त्या बायका स्वतः मात्र शेवटी उरेल ते खायच्या आणि थकवा बाटलीवर मारायच्या. आज आपल्याकडे गट आहे, वही आहे, आशाताई आहेत, वाचता येणाऱ्या मुली आहेत. शेजारच्या काकूंकडे यातलं काही नव्हतं.

तेव्हा आज रात्री घरातल्या फळीवर एक नजर टाका. डब्यांमागे एखादी बाटली असेल. तिच्यावर द्राक्षं असतील, गुलाबी गालांची बाई असेल. ती फिरवा आणि मागचं वाचा. पुढच्या बैठकीत ती बाटली घेऊन या, सगळ्या मिळून वाचू.